बदकांच्या कॉमिक्समागचे हात: नव्या वाचकाने सुरुवात कुठून करावी

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर हिंदीतलं ‘डकटेल्स’ ज्यांनी पाहिलं, त्यांना सोन्याच्या नाण्यांत सूर मारणारा स्क्रूज मॅकडक कोण ते सांगायला नको. पण हा कवडीचुंबक म्हातारा टीव्हीसाठी जन्मलेला नाही. अमेरिकेत 1987मध्ये ती मालिका आली, त्याच्या चाळीस वर्षं आधी, डिसेंबर 1947च्या सुमारास, तो दहा सेंटांच्या एका कॉमिकमध्ये अवतरला होता. आणि ज्याने त्याला काढलं, त्याचं नाव त्या अंकात कुठेही छापलेलं नव्हतं.

ही जुनी प्राणी-कॉमिक्स वाचायची इच्छा आहे, पण ढिगातून काय उचलावं ते कळत नाही, अशांसाठी हे टिपण. जगभरात डोनाल्ड आणि मिकीच्या नावावर हजारो कथा निघाल्या आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याचशा नुसत्या पाट्या टाकलेल्या आहेत. तोच डोनाल्ड, तेच भाचे, तोच निळा सदरा. पण एक कथा वाचून माणूस खिळून बसतो आणि दुसरी पाच पानांत कंटाळा आणते. फरक पात्रात नसतो, काढणाऱ्यात असतो.

पहिली पायरी: पात्र सोडा, हात ओळखा

अमेरिकेत ही कॉमिक्स डिस्ने स्वतः काढत नव्हती. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावची वेस्टर्न पब्लिशिंग ही कंपनी चित्रकारांकडून पानं करून घ्यायची आणि 1962पर्यंत ती डेल या नावाखाली विकली जायची. पानावर सही एकच: वॉल्ट डिस्ने. मुलांची समजूत अशी की हे सगळं वॉल्टच काढतो. तरी काही चाणाक्ष पोरांच्या लक्षात आलं की यातला एक जण वेगळा आहे. नाव माहीत नाही, म्हणून ती त्याला ‘चांगला बदकवाला’ म्हणू लागली. 1960मध्ये एका चाहत्याने कंपनीकडून पत्ता मिळवून त्याला पत्र लिहिलं, तर कोणीतरी थट्टा करतंय असं त्या चित्रकाराला वाटलं. तो होता कार्ल बार्क्स. तोवर त्याला हे काम करून सतरा वर्षं झाली होती.

तुम्हीही हाच अभ्यास करा. कोणत्याही जुन्या अंकातल्या दोन कथा शेजारी ठेवा आणि शब्द न वाचता नुसती चित्रं पाहा. बार्क्सचं बदक चिडलं की चोचीपासून शेपटीपर्यंत चिडतं. पाय जमिनीवर आहेत असं वाटतं. मागचं जहाज, देऊळ किंवा जंगल खरं दिसतं, कारण तो ‘नॅशनल जिऑग्राफिक’चे अंक समोर ठेवून काढायचा. साध्या चित्रकाराच्या पानात मागे एक झाड आणि एक कुंपण असतं. दहाबारा कथांत डोळा तयार होतो.

दुसरी पायरी: बार्क्सच्या दहापानी कथा

सुरुवात इथूनच. थेट मोठ्या साहसकथांवर उडी मारू नका.

बार्क्स 1901मध्ये ओरेगनमधल्या मेरिल गावाजवळ शेतकऱ्याच्या घरी जन्मला. शिक्षण जेमतेम, तरुणपणापासून कानाने अधू, हाताला मिळेल ते काम केलेलं. 1935मध्ये तो डिस्नेच्या स्टुडिओत लागला तो सगळ्यात खालच्या पायरीवर: दोन मुख्य चित्रांमधली मधली चित्रं भरायची. तिथे त्याने एक विनोद सुचवला. डोनाल्ड यांत्रिक न्हाव्याच्या खुर्चीत उलटा अडकतो, यंत्र त्याच्या शेपटीचे केस कापतं आणि तोंडाला बुटाचं पॉलिश करतं. यावर वॉल्टने त्याला पन्नास डॉलर दिले आणि कथा विभागात नेलं. 1937च्या ‘मॉडर्न इन्व्हेन्शन्स’मध्ये तो प्रसंग आहे. पण स्टुडिओतल्या वातानुकूलनाने त्याचं सायनसचं दुखणं वाढलं, युद्धकाळातली प्रचारपटांची कामंही आवडेनात. 1942च्या अखेरीस त्याने नोकरी सोडली आणि कोंबड्या पाळायचं ठरवलं. जोडीला काहीतरी हवं म्हणून कॉमिक्सचं काम घेतलं. पहिली दहापानी कथा एप्रिल 1943च्या ‘वॉल्ट डिस्नेज कॉमिक्स अँड स्टोरीज’च्या 31व्या अंकात आली. मग 1966मध्ये निवृत्त होईपर्यंत लेखन, चित्रं, शाई सगळं एकटा. नंतरच्या काळात बायको गारे अक्षरं काढायला आणि काळे भाग भरायला हाताशी असायची. याच मासिकाचा खप पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला महिन्याला तीस लाखांच्या घरात होता. इतक्या लोकांपर्यंत पोचलेला लेखक, आणि नाव कोणालाच माहीत नाही!

दहापानी कथेचं यंत्र नीट पाहण्यासारखं आहे. पानावर साधारण आठ चौकटी. पहिल्या पानावर डोनाल्डला एखाद्या गोष्टीचं वेड लागतं किंवा भाच्यांशी पैज लागते. तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंत ते हट्टाला पेटतं. सातव्यापर्यंत सगळं हाताबाहेर जातं. आणि शेवटच्या चौकटीत डोनाल्ड बहुधा पळत असतो. यात तात्पर्य शोधू नका. पंचतंत्रावर वाढलेल्या आपल्या मनाला सवय असते की प्राणी बोलू लागले म्हणजे शेवटी काहीतरी शिकवणार. इथे ग्लॅडस्टोन गँडर हा आळशी आतेभाऊ काहीही न करता नुसत्या नशिबावर जिंकतो आणि मेहनत करणारा डोनाल्ड हरतो.

नमुन्याला ‘द सन्कन यॉट’ (1949) घ्या. बुडालेली नौका वर आणायची कशी, तर आत टेबल-टेनिसचे चेंडू भरून. 1964मध्ये कुवेतच्या बंदरात मेंढ्यांसकट बुडालेलं ‘अल कुवेत’ हे मालवाहू जहाज कार्ल क्रॉयर या डॅनिश अभियंत्याने पोकळीत प्लास्टिकचे फुगीर गोळे सोडून खरोखर वर आणलं. बदकांनी आधी केलं, माणसांनी पंधरा वर्षांनी.

तिसरी पायरी: मोठ्या कथा, पण या क्रमाने

आधी ‘लॉस्ट इन द अँडीज’ (1949). वस्तुसंग्रहालयात झाडूपोछा करणाऱ्या डोनाल्डच्या हातून एक चौकोनी दगड पडतो आणि कळतं की ते अंडं आहे. शोध घेत सगळे पेरूच्या डोंगरात धुक्याच्या दरीत पोचतात. तिथे घरं चौकोनी, कोंबड्या चौकोनी, आणि गोल वस्तू तयार करणं हा गुन्हा. भाचे च्युइंगमचे फुगे फुगवतात आणि पकडले जातात. दोन चौकोनी कोंबड्या घेऊन मंडळी कशीबशी घरी येतात, तर शेवटी कळतं की दोन्ही कोंबडे आहेत. बत्तीस पानांचा आटापिटा त्या एका वाक्यात आडवा होतो.

नंतर ‘ओन्ली अ पुअर ओल्ड मॅन’ (1952), म्हणजे स्क्रूजच्या स्वतःच्या नावाने निघालेला पहिला अंक. 1947च्या ‘ख्रिसमस ऑन बेअर माउंटन’मध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा नुसता एक खडूस, एकलकोंडा म्हातारा होता, माणसांचा तिटकारा असलेला. पुढच्या चार-पाच वर्षांत बार्क्सने त्याला घडवला. चार्ल्स डिकन्सच्या पात्राचं नाव घेतलं, पण पैसा असा दिला की त्यातलं प्रत्येक नाणं त्याने स्वतः कमावलेलं, आणि प्रत्येकाची आठवण त्याला आहे. तिजोरी लुटायला टपलेले बीगल बॉइज 1951मध्ये आले, विक्षिप्त संशोधक गायरो गिअरलूज 1952मध्ये, आणि व्हेसुव्हियसच्या उतारावर राहणारी चेटकीण मॅजिका डी स्पेल 1961मध्ये.

तिसरी ‘ट्राला ला’ (1954). हिच्यावर थोडा थांबतो, कारण बार्क्स काय चीज आहे ते इथे कळतं. मागण्या, कर, पत्रं, देणग्या यांनी स्क्रूजचं डोकं फिरतं. डॉक्टर औषध देतो. स्क्रूजला अशी जागा हवी असते जिथे पैसा हा शब्दच माहीत नाही, आणि हिमालयात अशी एक दरी सापडते. सगळे सुखी, कोणाला काही नको. स्क्रूज औषधाच्या बाटलीचं बूच सहज फेकून देतो. एका शेतकऱ्याला ते सापडतं. त्या दरीत असली वस्तू दुसरी नाही, म्हणून शेजारी त्याच्या बदल्यात काहीतरी देऊ करतो. दुसरा जास्त देऊ करतो. बघता बघता बूच हेच नाणं होतं आणि शांत माणसं भांडू लागतात. स्क्रूज तोडगा काढतो: एवढी बुचं आणायची की त्यांची किंमतच उरणार नाही. विमानातून अब्जभर बुचं पडू लागतात, भातशेतं गाडली जातात, आणि ज्या लोकांना बुचांचं वेड लागलं होतं तेच काठ्या घेऊन मागे लागतात. चलन, टंचाई, चलनवाढ, सगळं वीस-बावीस पानांत, आणि कुठेही व्याख्यान नाही.

भारताबद्दल काय, असं विचाराल. ‘महाराजा डोनाल्ड’ (1947)मध्ये भाचे पेन्सिलीच्या तुकड्यापासून अदलाबदल करत करत भारताच्या बोटीचं तिकीट मिळवतात. ती सुरुवात फर्मास आहे, पुढचा भारत मात्र हत्ती, वाघ आणि फेट्यांचा. 1952च्या एका दहापानी कथेत हाउड्युस्तान नावाच्या देशाचा महाराजा स्क्रूजशी पुतळे उभारण्याची चढाओढ लावतो आणि नागवला जातो. तिथे चेष्टा दोघांच्याही श्रीमंतीची आहे, म्हणून ती आजही चालून जाते. आफ्रिकन आणि मूळ अमेरिकन लोकांची चित्रं काही कथांत डोळ्यांना खुपतात. ती खुपलीच पाहिजेत.

चौथी पायरी: उंदीर

मिकी म्हणजे गोडगोड, असं वाटत असेल तर फ्लॉइड गॉटफ्रेडसन वाचा. मिकीची रोजची वृत्तपत्रीय पट्टी 13 जानेवारी 1930ला सुरू झाली. सुरुवातीला वॉल्ट स्वतः लिहायचा. 5 मे रोजी गॉटफ्रेडसनला सांगण्यात आलं, दोन आठवडे सांभाळ, दुसरा कोणी मिळतोच आहे. तो दुसरा कधीच मिळाला नाही. गॉटफ्रेडसन 1975पर्यंत, पंचेचाळीस वर्षं, ती पट्टी काढत राहिला. तिशीच्या दशकातला त्याचा मिकी हा मार खाणारा, पडणारा, पुन्हा उठणारा पोरगा आहे. 1939ची फँटम ब्लॉटची कथा घ्या: काळ्या बुरख्यातला गुन्हेगार शहरभर एकाच जातीचे कॅमेरे चोरून फोडतो आहे, का ते कळत नाही.

वाचताना एक करा. या कथा रोज चार चौकटींनी छापल्या जात, म्हणून दर चौथ्या चौकटीला एक झटका असतो. सलग ऐंशी पानं वाचलीत तर ते झटके खटकू लागतात. रोज दोन आठवड्यांचा मजकूर, एवढंच घ्या.

डोनाल्डच्या पट्टीचा चित्रकार अल टॅलिआफेरो. भाचे ह्यूई, ड्यूई आणि लुई पहिल्यांदा त्याच्याच रविवारच्या पानात, 17 ऑक्टोबर 1937ला आले. एवढं कळलं की पुढे चला.

पाचवी पायरी: अटलांटिक ओलांडा

साठीच्या दशकात अमेरिकेत ही कॉमिक्स ओसरू लागली आणि 1984मध्ये वेस्टर्नने कामच थांबवलं. युरोपात मात्र ती घराघरांत होती. स्वीडनमध्ये ‘काल्ले अंका’ 1948पासून, डेन्मार्कमध्ये ‘अँडर्स अँड’ 1949पासून, जर्मनीत ‘मिकी माउस’ आणि फिनलंडमध्ये ‘आकू अंक्का’ 1951पासून, नेदरलंड्समध्ये ‘डोनाल्ड डक’ 1952पासून. अमेरिकेतून पुरेसा माल येईना, तेव्हा युरोपीय प्रकाशकांनी स्वतः कथा करून घ्यायला सुरुवात केली. कोपनहेगनच्या कंपनीसाठी चिलीचा व्हिकार वर्षानुवर्षं बदकं काढत होता.

इटलीचा मामला सगळ्यांत जुना. ‘टोपोलिनो’ (मिकीचं इटालियन नाव) हे साप्ताहिक फ्लॉरेन्समध्ये 1932च्या शेवटच्या दिवशी निघालं. फॅसिस्ट राजवटीने अमेरिकी कॉमिक्सवर बंदी आणली तेव्हा डिस्नेला काही काळ सवलत मिळाली, पण 1942मध्ये मिकीलाही जावं लागलं. प्रकाशकाने काय केलं? त्याच्या जागी टुफ्फोलिनो नावाचा माणसाचा मुलगा काढला आणि गोष्ट पुढे चालू ठेवली. युद्धानंतर, 1949पासून, ते खिशात मावणाऱ्या पुस्तिकेच्या आकारात येऊ लागलं. त्याच वर्षी गुईदो मार्तिना आणि अँजेलो बिओलेत्तो यांनी दान्तेच्या नरकात मिकीला फिरवून आणलं, तेही दान्तेच्याच छंदात रचलेल्या ओळींसह. व्हेनिसचा रोमानो स्कार्पा हा तिथला बार्क्स म्हणावा असा माणूस. स्क्रूजच्या मागे लागलेली ब्रिजिता त्याने 1960मध्ये आणली. 1969मध्ये डोनाल्डला रात्रीचा सूड घेणारा पापेरिनिक केलं तेही इटलीतच. ओळखायची खूण सोपी: इटालियन पानावर चौकटींच्या तीन ओळी असतात, अमेरिकी पानावर चार.

जर्मनीत सगळ्यांत मोठं नाव चित्रकाराचं नाही, भाषांतरकाराचं आहे. डॉ. एरिका फुक्स 1951पासून 1988पर्यंत संपादक होत्या. कॉमिक्स म्हणजे मुलांचं वाटोळं, असं शिक्षक म्हणायचे त्या काळात बाईंनी बदकांच्या तोंडी शिलर आणि गोएथे घातले. शिलरच्या ‘विल्हेल्म टेल’ नाटकातल्या बंधुत्वाच्या शपथेला भाचे पुस्ती जोडतात की कोणत्याही संकटात आम्ही अंग धुणार नाही! त्यांच्या नावाचं संग्रहालय 2015मध्ये श्वार्त्सेनबाख आन डेर झाले या गावी उघडलं. जर्मन येत असेल तर हे सुख चुकवू नका.

सहावी पायरी: डॉन रोझा, आणि आत्ताच

बरेच जण रोझापासून सुरू करतात. करू नका. त्याची निम्मी गंमत बार्क्स आठवण्यात आहे. केंटकीतल्या लुईव्हिलचा हा माणूस घरचा बांधकामाचा धंदा सांभाळत होता. 1986मध्ये ग्लॅडस्टोन या छोट्या प्रकाशनाने अमेरिकेत बदकं पुन्हा छापायला घेतली, तेव्हा याने जाऊन सांगितलं की मला स्क्रूजची कथा करायची आहे. ‘द सन ऑफ द सन’ 1987मध्ये आली. मग डॅनिश प्रकाशकासाठी त्याने स्क्रूजचं चरित्रच रचलं: बार्क्सच्या कथांत कुठे एखाद्या फुग्यात स्क्रूज तरुणपणाबद्दल काही बोलला असेल, ती सगळी वाक्यं गोळा करून, सन लावून, बारा प्रकरणं. 1992 ते 1994. ग्लासगोतला बूटपॉलिशवाला पोरगा क्लोंडाइकच्या बर्फातून कसा गेला, ते इथे वाचायचं. कॉमिक्ससाठी दिला जाणारा आयस्नर पुरस्कार 1995मध्ये त्याला मिळाला. फिनलंडसाठी त्याने 1999मध्ये ‘कालेवाला’ महाकाव्यावर कथा केली. डोळ्यांच्या दुखण्याने आणि कामाच्या अटींना कंटाळून 2006नंतर नवीन कथा केली नाही.

वाचताना भिंग जवळ ठेवा. रोझा पहिल्या पानावर कुठेतरी, गवताच्या पात्यांत, लाकडाच्या रेषांत, इंग्रजीतली डी, यू, सी, के ही अक्षरं लपवतो. ‘डेडिकेटेड टू अंका कार्ल फ्रॉम कीनो’ याची ती आद्याक्षरं. कीनो हे त्याचं पहिलं नाव.

सातवी पायरी: डिस्नेच्या कुंपणाबाहेर

इथे चव ज्याची त्याची. जॉर्ज हेरिमनच्या ‘क्रेझी कॅट’ची स्वतंत्र पट्टी 1913पासून त्याच्या मृत्यूपर्यंत, 1944पर्यंत चालली. मांजर उंदरावर भाळलेलं, उंदीर त्याला वीट फेकून मारतो, मांजराला ते प्रेम वाटतं, आणि हवालदार कुत्रा उंदराला पकडतो. बस्स. तीस वर्षं हेच. खप फारसा नव्हता, पण वृत्तपत्रांचा मालक हर्स्ट याला ती आवडायची म्हणून टिकली. दिवसाला एक रविवारचं पान, त्याहून जास्त नको.

वॉल्ट केलीचा ‘पोगो’ जॉर्जियातल्या ओकेफेनोकी दलदलीत राहतो. 1953मध्ये केलीने कम्युनिस्टांच्या मागे हात धुऊन लागलेल्या सिनेटर मॅकार्थीला रानमांजर करून पट्टीत आणलं. ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका दैनिकाने बजावलं की हा चेहरा पुन्हा दिसला तर पट्टी बंद. केलीने प्रॉव्हिडन्सहून आलेली कोंबडी दाखवली आणि तिने आपल्याला पाहू नये म्हणून रानमांजराने डोक्यावर पिशवी ओढून घेतली. भाषा मोडकीतोडकी, कोट्यांनी भरलेली. इंग्रजी चांगलं मुरलेलं असेल तरच जा.

ब्रिटनचा ‘रूपर्ट’ अस्वल 1920चा, मेरी टूर्टेलचा. पण 1935नंतरचा आल्फ्रेड बेस्टॉलचा काळ शोधा. चित्राखाली यमकातल्या दोन ओळी आणि त्याखाली गद्य, त्यामुळे लहान मुलाला मांडीवर घेऊन वाचायला उत्तम. नेदरलंड्समध्ये मार्टेन टूंडरने 1941मध्ये ‘टॉम पूस’ हे मांजर आणलं. फ्रान्समध्ये काल्व्होने जर्मन अंमलाखाली गुपचूप दुसरं महायुद्ध प्राण्यांच्या रूपात काढलं, त्यात नाझी लांडगे आहेत. पॅरिस मुक्त झाल्यावर ते छापलं गेलं. आणि कम्युनिस्ट दैनिक ‘ल्युमानिते’मधला ‘पिफ’ कुत्रा काढणारा होसे काब्रेरो आर्नाल माउटहाउसेनच्या छळछावणीतून जिवंत परतलेला स्पॅनिश निर्वासित होता.

आठवी पायरी: विकत घेण्याआधी

इंग्रजीत फँटाग्राफिक्स या प्रकाशनाने बार्क्स, गॉटफ्रेडसन आणि रोझा यांचे जाड खंड काढलेत. बार्क्सचा पहिला प्रसिद्ध झालेला खंड, ‘लॉस्ट इन द अँडीज’, क्रमाने सातवा आहे. म्हणून एक नंबरपासून सुरू करायच्या भानगडीत पडू नका; चाळीस-पन्नासच्या दशकांच्या सांध्यावरचा कोणताही एक घ्या. आयात पुस्तकांच्या किमती भरमसाट असतात, तेव्हा एक खंड वाचून मगच दुसरा. रद्दीवाल्याकडे ग्लॅडस्टोनचा एखादा सुटा अंक मिळाला तर सोडू नका.

चाहत्यांनी ‘इंडक्स’ नावाची सूची इंटरनेटवर केली आहे, ती फुकट आहे. प्रत्येक कथेला एक खूण: सुरुवातीला डब्ल्यू म्हणजे वेस्टर्न, आय म्हणजे इटली, डी म्हणजे डेन्मार्क, एच म्हणजे हॉलंड, पुढे अंक. स्क्रूज पहिल्यांदा आला त्या कथेची खूण ‘डब्ल्यू ओएस 178-02’. कथेच्या पहिल्या चौकटीच्या कोपऱ्यात असा काही बारीक मजकूर दिसला तर तो सूचीत टाका. लेखक, चित्रकार, कुठल्या देशात कधी छापली, सगळं मिळतं.

आवृत्तीही तपासा. बार्क्सची ‘वूडू हूडू’ (1949) ही कथा काही पुनर्मुद्रणांत चेहरे बदलून छापली गेली. तिच्यातला बॉम्बी झोंबी रोझाने आपल्या दोन कथांत वापरला होता, आणि त्या दोन्ही यापुढे छापणार नाही असं डिस्नेने 2023मध्ये त्याला कळवलं. त्यातली एक चरित्रमालिकेतलं प्रकरण आहे. त्यामुळे रोझाचं चरित्र घेताना बारा प्रकरणं पुरी आहेत ना ते अनुक्रमणिकेत मोजा. अकरा असली तर जुनी प्रत शोधा.